सासूबाईंचा संसार कोणाला द्यावा?

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“आमची सदाशिव पेठेतील जुनी इमारत पुनर्विकासाला जात असून दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची आहे. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांचा पन्नास वर्षांचा संसार माळ्यावर, फडताळांत आणि तीन ट्रंकांत भरलेला आहे: पितळेचा बंब, घंगाळे, स्टीलचे चाळीसएक डबे, साड्या, शिलाई मशीन, मामंजींची पुस्तके व जुने कागद, मोठ्या पेटीसारखा टीव्ही, सासूबाईंचा वॉकर आणि कमोडची खुर्ची. यजमान म्हणतात, भंगारवाल्याचा टेम्पो बोलावून एका दिवसात मोकळे व्हावे. मला ते पटत नाही. सगळे दान करावे म्हणून एका संस्थेला फोन केला, तर ‘जुने कपडे घेत नाही’ असे तुटक उत्तर मिळाले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना दोन पिशव्या भरून साड्या व भांडी दिली. त्यांनी ती घेतली, पण चार दिवसांनी त्याच पिशव्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे ठेवलेल्या मला दिसल्या. तेव्हापासून त्यांच्याशी बोलायलाही संकोच वाटतो. चांगल्या वस्तू कचऱ्यात जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे. काय करावे?”

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून झाले तरी जिन्याखालच्या त्या दोन पिशव्या मनातून जाईनात, म्हणून सुरुवात तेथूनच करते. मावशींविषयी तुम्ही वावगा शब्द लिहिलेला नाही, तरीही मनाला लागलेले पत्रात जाणवते. आता क्षणभर त्यांच्या जागी उभ्या राहून पाहा. लहानशा खोलीत चार-पाच माणसे राहतात, भांड्यांची मांडणी आधीच भरलेली असते, आणि ज्या घरी रोज कामाला जायचे त्या घरच्या बाईंनी “न्या हो, चांगले आहे” म्हणून पुढे केलेल्या पिशवीला नाही म्हणणे त्यांना शक्य नसते. पिशव्या त्यांनी घेतल्या त्या तुमचे मन राखण्यासाठी, आणि जिन्याखाली ठेवल्या त्या घरी ठेवायला जागा नव्हती म्हणून. नको असलेले सामान दूर करण्याचे जे काम आपल्याला जड जात होते, ते आपण त्यांच्या डोक्यावर ठेवले. तुम्ही हे जाणूनबुजून केले नाही, हे मला ठाऊक आहे. आपण सगळेच असे करतो, कारण आपल्या मनात आधी वस्तू असते आणि घेणारा मागाहून शोधला जातो. हा क्रम उलटा करा, एवढेच मला या पत्रात सांगायचे आहे. कोणाला काय हवे आहे ते आधी विचारावे, आणि त्यानंतरच आपल्या माळ्याकडे पाहावे.

नचिकेताची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. बापाने यज्ञात दान द्यायला काढलेल्या गाई इतक्या थकलेल्या होत्या की त्या पुन्हा पाणी पिण्याच्या, गवत खाण्याच्या किंवा दूध देण्याच्या पलीकडे गेल्या होत्या, आणि ते पाहून त्या मुलाला लाज वाटली. आपल्याला त्या गोष्टीतला यम लक्षात राहतो आणि गाई विसरायला होतात. माझेही तसेच झाले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझे वडील जाऊन तीनच महिने झाले होते. त्यांचे कोट, पातळ सुती विजारी आणि आईने वापरणे सोडून दिलेली नायलॉनची पातळे अशी दोन पोती मी मोठ्या भक्तिभावाने एका ट्रकवर चढवली. दिवाळीनंतर औसा भागात जाणे झाले, तेव्हा रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पावसाने भिजून, मातीत मिसळून पडलेले पाहिले. त्यांत गळपट्टे होते, उंच टाचांच्या चपला होत्या, एका पायाचे बूट होते. ज्यांचे घर आणि माणसे गेली होती त्या लोकांच्या दारात आम्ही आमचे माळे रिकामे केले होते. माझी पोती त्या ढिगात होती की नाही, ते मला कळले नाही, पण होतीच असे मी धरून चालते. २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीला महापूर आला तेव्हाही जुने कपडे पाठवू नका, अशी आवाहने करावी लागली होती.

म्हणून फोनवरच्या त्या तुटक उत्तराचा राग धरू नका. बोलण्यात गोडवा असायला हवा होता, हे खरे. परंतु आलेले कपडे निवडणे, धुणे, आकारानुसार लावणे आणि नको ते दूर करणे याला माणसे, जागा आणि पैसा लागतो, आणि बऱ्याच लहान संस्थांकडे यांपैकी एकही गोष्ट पुरेशी नसते. फोन करताना “आमच्याकडे सामान आहे, घेता का?” असे विचारण्याऐवजी “आपल्याला सध्या कशाची गरज आहे?” असे विचारून पाहा. संभाषणाचा सूरच बदलतो. एखाद्या वसतिगृहाला चादरी हव्या असतात, एखाद्या पाळणाघराला मोठी पातेली हवी असतात, आणि ती नेमकी तुमच्या माळ्यावर निघतात.

आता तुमच्या यादीकडे वळते. त्याआधी एक घरगुती सूचना आहे, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची मानावी. तुम्हाला नणंदा किंवा जावा असतील तर एकही डबा घराबाहेर जाण्यापूर्वी त्यांना बोलवा. सासूबाईंच्या वस्तू म्हणजे नणंदांच्या आणि दिरांच्या आईच्या वस्तू आहेत. एखाद्या रविवारी सगळ्यांनी एकत्र बसावे, ज्याला जे हवे ते त्याने त्याच दिवशी उचलून न्यावे आणि “मागाहून नेईन” या बोलीवर काही ठेवून घेऊ नये. बंबाची किंमत बाजारात काय येते यापेक्षा तो कोणाच्या न्हाणीघराची आठवण आहे याला घरात जास्त वजन असते. “आईची पुरणाची परात तुम्ही भंगारात दिलीत?” हा प्रश्न पुढे वीस वर्षे ऐकावा लागतो, आणि त्याला उत्तर नसते.

त्यानंतर सर्वांत आधी वॉकर आणि कमोडची खुर्ची बाहेर काढा. या दोन वस्तूंची कोणाला तरी आज, या घडीला गरज आहे. खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झालेली एखादी आजी घरी येणार असते, सामान महिना-दोन महिन्यांपुरतेच लागणार असते, आणि नवे घेणे त्या घराला परवडणारे नसते. पुण्यात, आणि महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या गावांत, सेवाभावी संस्था, मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रे चालवतात. तेथून पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या नाममात्र भाड्याने किंवा अनामत घेऊन दिल्या जातात आणि काम झाल्यावर परत घेतल्या जातात. तुमची खुर्ची अशा केंद्रात गेली तर ती एका घरी न अडकता अनेक घरे फिरेल. देण्यापूर्वी गरम पाणी व जंतुनाशक वापरून ती स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा, वॉकरच्या पायांची रबरी टोपणे झिजली असतील तर नवी बसवा. ही टोपणे अगदी थोड्या पैशांत मिळतात, पण झिजलेल्या टोपणांचा वॉकर ओल्या फरशीवर घसरतो आणि ज्याला आधार द्यायचा त्यालाच पाडतो.

त्याच खोलीत उरलेली औषधे असतील. मुदत संपलेली औषधे, फुटका पाऱ्याचा थर्मामीटर, इन्सुलिनच्या सुया, जुन्या बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट या वस्तू घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या बांधून, वर काय आहे ते ठळक लिहून द्यायच्या असतात. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा. कचरा हाताने निवडणाऱ्या बाईच्या बोटात सुई शिरली तर काय होते, ते येथे लिहिण्याची गरज नाही. औषधे संडासात किंवा मोरीत ओतू नका.

भांड्यांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या घरांत सर्वांत जास्त जागा तीच अडवतात आणि त्यांनाच सर्वांत सहज दुसरे घर मिळते. स्टीलच्या डब्यांना मरण नाही. झाकण घट्ट बसते की नाही तेवढे पाहा, प्रत्येक डब्याला त्याचेच झाकण द्या, आणि बुडाला भोक पडलेले डबे बाजूला काढा. तुमच्या डब्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावे असतील: कोणाच्या मुंजीची तारीख, कोणाच्या लग्नातला आहेर, कोण्या मामींची “सप्रेम भेट”. ती खोडून काढण्याच्या फंदात पडू नका, त्याने भांडे खराब होते. गरजू विद्यार्थ्यांचे वसतिगृह, आश्रमशाळा, महिलांचे आधारगृह, गावाकडचे सार्वजनिक सभागृह यांना ताटे, वाट्या, पेले, पाण्याची पिंपे आणि मोठी पातेली एकसारख्या संख्येने हवी असतात. तीन ताटे घेऊन त्यांना उपयोग नसतो, तीस ताटांचा असतो. म्हणून इमारतीतील इतर बिऱ्हाडांशी बोला. तुमच्यासारखीच दोन महिन्यांची मुदत त्यांनाही आहे आणि त्यांच्याही माळ्यावर अर्धवट संच पडले आहेत. चार घरांची ताटे एकत्र केली की एका वसतिगृहाची पंगत उठते.

पितळ आणि तांबे मोडीत घालण्यापूर्वी दोनदा विचार करा. मोडीच्या दरात भांड्याची घडण मोजली जात नाही, फक्त वजन मोजले जाते. घंगाळे, बंब, ठोक्याची कळशी, पानाचा डबा, अडकित्ता या वस्तू हौसेने घेणारे लोक आहेत, आणि वापरात आणायच्या असतील तर पितळेच्या पातेल्यांना कल्हई लावून देणारे कारागीर शहरात अजूनही भेटतात. कल्हई लावून पितळेचे पातेले तुम्ही नव्या घरात वापरायला घेतलेत, तर ती वस्तू वाचवण्याची सर्वांत सोपी रीत ठरेल. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी असेच अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, पाट, दरवाजे घरोघर हिंडून आणि मोडीच्या दुकानांतून वेचून जमवले आणि पुढे तो सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तुमचे घंगाळे संग्रहालयात जाईल असे मी म्हणत नाही, परंतु टेम्पो बोलावण्याआधी यजमानांना घेऊन तेथे एक दुपार घालवा. मोड म्हणून वजनावर गेलेली वस्तू पुन्हा घडत नाही, हे तेथे न सांगता समजते.

कपड्यांचे तीन वेगळे ढीग करा, कारण तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत. ज्या साड्या तुम्ही स्वतः उद्या नेसून बाहेर जाऊ शकाल, त्या धुऊन, इस्त्री करून, फॉल सुटला असेल तर शिवून, पोलका जुळत असेल तर सोबत ठेवून द्याव्यात. दुसरा ढीग विरलेल्या सुती कापडाचा. हा ढीग आपल्याला टाकाऊ वाटतो, पण तोच सर्वांत कामाचा आहे. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था अशा सुती कापडापासून मासिक पाळीसाठी कापडी पॅड तयार करते. गावकऱ्यांनी विहीर खोदणे, रस्ता दुरुस्त करणे यांसारखे गावाचे काम करावे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे व इतर वस्तूंचा संच घ्यावा, ही त्यांची पद्धत. घेणाऱ्याचा हात खाली राहू नये, हा विचार तिच्यामागे आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. तिसरा ढीग नायलॉन, पॉलिएस्टर आणि फाटके-डागाळलेले कपडे यांचा. त्यातून फार तर पायपुसणी आणि पुसायची फडकी होतील, उरलेले सुक्या कचऱ्यात जाईल. ते कोणाच्या गळ्यात मारू नका.

बोहारीण तुमच्या पेठेत अजून येत असेल तर तिला विसरू नका. कपड्यांवर भांडे देणारी ही बाई फाटके-चांगले निवडते, धुते, दुरुस्त करते आणि जुन्या बाजारात पोहोचवते. शहरातील कपड्यांच्या पुनर्वापराची ही जुनी आणि न बोलता चालत आलेली व्यवस्था आहे. तिच्याशी घासाघीस करताना हात थोडा सैल सोडा. मात्र रेशमी साड्यांची जर आधी जाणकाराला दाखवा. सासूबाईंच्या काळातील शालू किंवा पैठणीत चांदीची खरी जर असू शकते आणि अशी जर विकत घेणारे व्यापारी आहेत.

एक-दोन साड्यांची गोधडी मात्र शिवून घ्या, ही माझी विनंती समजा. सुती, अंगाला मऊ झालेली पातळे निवडा. ती चार-पाच घड्या करून एकावर एक अंथरतात, वरच्या थराला त्यांतले सर्वांत चांगले पातळ घेतात, आणि कडेपासून धावदोरा घालत घालत हळूहळू मध्याकडे येतात. टाके जितके जवळ तितकी गोधडी टिकते आणि तितके दिवसही लागतात. शिवणारी बाई किती दिवस बसणार आहे ते विचारून मजुरी ठरवा आणि ती कमी करायला सांगू नका. गोधडीचे आडवे-उभे टाके मोजून पाहिलेत तर ती मजुरी किती थोडी आहे, ते दिसेल.

शिलाई मशीन हे एखाद्या घराचे उत्पन्न होऊ शकते, म्हणून ते भंगारात देणे मला सर्वांत खटकेल. पण ते चालू स्थितीत द्यायला हवे. मेकॅनिकला घरी बोलावून तेलपाणी करून घ्या, चामडी पट्टा सैल झाला असेल तर बदला, आणि बॉबीन व बॉबीन केस जागेवर आहे ना, हे खणात हात घालून पाहा. माझ्या ओळखीच्या एका शिवणवर्गाला दानात आलेली दोन मशिने केवळ बॉबीन केस नाही म्हणून अनेक महिने भिंतीला लावून ठेवलेली मी पाहिली आहेत. वस्तूचा लहान भाग दात्याच्या घरातील कुठल्या तरी डबीत राहतो आणि मोठी वस्तू घेणाऱ्याच्या घरी अडगळ होऊन बसते. मिक्सर द्यायचा तर भांडी आणि झाकणांसह, कुकर द्यायचा तर शिट्टी आणि नव्या रबरी रिंगसह, पलंग द्यायचा तर त्याच्या नट-बोल्टांची पुरचुंडी पायाला बांधून. मशीन कोणाला द्यावे हे एखाद्या बचत गटाच्या बायकांना विचारा. कोणाला शिवता येते आणि कोणाकडे मशीन नाही, हे त्यांना नेमके माहीत असते.

काही वस्तू कोणालाही देऊ नयेत, कितीही चांगल्या दिसत असल्या तरी. पडलेले हेल्मेट, गॅसची जुनी नळी, सोललेल्या वायरची इस्त्री, थर उडालेला नॉनस्टिक तवा, तडा गेलेला कुकर आणि डाग पडलेली उशी या त्या वस्तू होत. कापसाची गादी मात्र पिंजून पुन्हा भरता येते, ती टाकू नका.

मामंजींच्या खोलीत घाई करू नका. रद्दीवाल्याच्या काट्यावर सगळा कागद सारखाच असतो, म्हणून काट्यावर जाण्यापूर्वी प्रत्येक गठ्ठा सोडून पाहावा लागतो. मोडी लिपीतील एखादे दप्तर, जमाखर्चाच्या वह्या, जुना पत्रव्यवहार, वंशावळ असे काही हाती आले तर ते वाचता येत नाही म्हणून दूर सारू नका. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्याच पेठेत आहे. तेथील जाणकारांना कागद दाखवा आणि मग ठरवा. घराच्या जागेचे, वारसाचे, बँकेचे कागद याच गठ्ठ्यांत सापडतात, हेही लक्षात असू द्या, आणि पुनर्विकासाच्या वेळी त्यांची गरज पडणार आहेच. पुस्तकांचे म्हणाल तर ग्रंथालयांना आपली यादी आधी पाठवावी. जे पुस्तक त्यांच्याकडे आधीच आहे त्याची दुसरी प्रत ठेवायला त्यांनाही जागा नसते. नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालयापासून विचारायला सुरुवात करता येईल. दिवाळी अंकांचे पूर्ण संच असतील तर ते मोडू नका, सुटे अंक लहान गावाच्या वाचनालयाला आनंदाने चालतात. शाळेची जुनी पाठ्यपुस्तके मात्र अभ्यासक्रम बदलला असेल तर कोणाच्याही कामाची नाहीत, ती खुशाल रद्दीत द्या. त्यांचा पुन्हा कागदच होतो.

मोठ्या पेटीचा टीव्ही ही एकच वस्तू अशी आहे की जी टेम्पोवाल्याला देऊ नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगते. त्याच्या चित्रनळीच्या काचेत शिसे असते. आतले तांबे काढण्यासाठी काच फोडली जाते, वायरींचे प्लास्टिक उघड्यावर जाळले जाते, आणि त्या धुरात उभा असलेला माणूस कित्येकदा कोवळ्या वयाचा पोरगा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि हे काम नोंदणीकृत केंद्रांतच व्हावे, असा दंडक आहे. तुम्ही कचरा देता त्या ‘स्वच्छ’च्या ताईंना विचारा. २००८ पासून महापालिकेबरोबर काम करणारी ही संस्था कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आहे, आणि मोठे सामान व ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमाही ती घेते. जुने मोबाइल देताना सिमकार्ड काढा आणि आतली माहिती पुसून टाका.

देवांच्या जुन्या तसबिरींविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण त्या निघतीलच आणि त्यांच्यापाशी हात थांबेलच. उत्तरपूजा करा, मग लाकडी चौकट, काच आणि कागद वेगळे करा. काच आणि चौकट फोटोफ्रेमवाला ठेवून घेतो. कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा झाला की एखाद्या झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळावा. नदीत सोडू नये, पिंपळाखाली ठेवूनही येऊ नये. तेथे तो ऊन-पावसात पडून राहतो आणि शेवटी सफाई कामगाराच्या झाडूखाली येतो.

आता यजमानांच्या टेम्पोविषयी. त्यांचे म्हणणे सगळे चूक नाही. मोडक्या लोखंडी पेट्या, गंजलेले पत्रे, तुटके प्लास्टिक यांच्यासाठी भंगारवाला हाच योग्य माणूस आहे. धातू आणि प्लास्टिक पुन्हा कारखान्यापर्यंत पोहोचवणारी साखळी त्याच्यापासून सुरू होते, आणि त्याने नेलेले सामान कचरा डेपोवर जात नाही. आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी सोसला, त्यांच्या विहिरींचे पाणी बिघडले आणि ते रस्त्यावर उतरले. आपल्या माळ्यावरून खाली येणारी प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी दारात जाऊन पडते, हे पुण्याला त्यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा यजमानांना एवढेच सांगा की टेम्पो येऊ दे, पण शेवटच्या आठवड्यात. पहिल्या महिन्यात दर रविवारी एकच खोली घ्या, पुढचे तीन आठवडे देण्यासाठी ठेवा, आणि मग उरेल ते टेम्पोत चढवा. ज्याला घेणारा मिळत नाही, पण अजून वापरता येते, असे सामान महापालिकेच्या ‘आरआरआर’ (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रात ठेवता येते. मे २०२३ मध्ये स्वच्छ भारत मोहिमेतून ही केंद्रे शहरोशहरी सुरू झाली. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात फोन करून जवळचे केंद्र सध्या चालू आहे का आणि काय घेते, ते विचारून मगच सामान न्या. वस्तूंच्या दानावर प्राप्तिकरात देणगीची सवलत मिळत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीवर मिळते. कोणी तसे आश्वासन दिले तर त्यावर विसंबू नका. मात्र जेथे वस्तू देता तेथे वाहतुकीसाठी आणि दुरुस्तीसाठी थोडे पैसेही द्यावेत, असे मला वाटते. पितळ विकून आलेले पैसे त्यासाठी बाजूला काढता येतील.

आणि मावशी. जिन्याखालच्या पिशव्या तुम्हीच वर घेऊन या, त्यांना उचलायला सांगू नका, आणि त्या पाहिल्याचा विषय आरोपासारखा काढू नका. एखाद्या दुपारी काम आटोपल्यावर त्यांना आत बसवा, चहा द्या आणि सांगा, “त्या दिवशी मी तुम्हाला न विचारता भरून दिले, माझे चुकले. आम्ही घर सोडतोय, हे सगळे जायचेच आहे. यातले तुम्हाला खरोखर काही उपयोगाचे आहे का? नसेल तर नाही म्हणा, मला काही वाटणार नाही.” मग थोडे थांबा. कदाचित त्या काहीच घेणार नाहीत. कदाचित त्या साड्यांच्या पिशवीकडे पाहणारही नाहीत आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यातल्या एखाद्या झाकणाच्या कढईकडे बोट दाखवून, मुलीचे लग्न ठरलेय, तिच्यासाठी देता का, म्हणून विचारतील. ती कढई तुमच्या नणंदेने मागितलेली नसेल, तर तीच घासूनपुसून द्या.

आपली,
सदर लेखिका